तीन बंदुकांपैकी कापायची कोणती

पहिला आला तो स्टेनार, माझ्या तुरिदचा मुलगा. वेळेच्या आधी आला, तेव्हाच मी ओळखलं की याला काहीतरी हवं आहे. एरवी नाताळलासुद्धा हा सगळ्यांची ताटं उचलल्यावर उगवतो. मागून योरुन आली, माझ्या रोआल्डची मुलगी, हातात सामन मासा घेऊन, कारण ती रिकाम्या हाताने उंबरा ओलांडत नाही. हे मी मृत्युपत्राच्या डोक्यावरच लिहून ठेवते, कारण शनिवारी माझ्या अंगणात जी मारामारी झाली तिच्यातूनच हे मृत्युपत्र निघालं आहे. नाहीतर मी कुठली लिहिते! मला मरायला सवड नाही. बेरीचा मुरंबा अजून चुलीवर आहे.

तर आता रीतीप्रमाणे.

मी, दाग्नी वारा, दिवंगत इंगवाल्ड वारा यांची पत्नी, वय वर्षे ऐंशी, राहणार ब्योर्क्ली, आल्ता नदीचं खोरं, फिनमार्क, नॉर्वे, हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, शुद्धीत राहून, कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवीत आहे. धाक मला घालणारा माणूस या खोऱ्यात राहिलेला नाही. अक्षराबद्दल माफी असावी. मी तिसरीत असताना शाळा जाळली गेली, आणि नवी उभी राहीपर्यंत मी मेंढ्यांमागे जायला लागले होते. शब्द चुकले असतील ते वाचणाऱ्याने सुधारून घ्यावेत, पण मतलबाला हात लावू नये.

कलम पहिले. घर, जमीन आणि नदीकाठचा बटाट्याचा वाफा यांत कायद्याने मुलांचा जो वाटा आहे तो माझ्या दोन मुलांना, तुरिद आणि रोआल्ड यांना, सारखा मिळावा. त्यात मी ढवळाढवळ करीत नाही. वाफा मात्र खोल नांगरू नये. त्या वाफ्यात पूर्वी एक माणूस पुरलेला होता. आता नाही, पण त्याची बटणं अजून निघतात. त्याचं पुढे येईलच.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल त्यातून आधी माझ्या मयतीची कॉफी करावी. चुलीवर उकळलेली हवी. यंत्रातली पाणचट कॉफी कोणी माझ्या नावाने पाजली तर मी उठून बसेन. वॅफलवर तपकिरी चीज जाड कापावं. उरेल ते नातवंडांना.

कलम तिसरे. मेंढा ग्रोम. या हरामखोराने वसंतात माझ्या दोन बरगड्या मोडल्या आणि मी चिखलात पडल्यावर पुन्हा मागे सरकून धडक दिली. मी त्याच्या शिंगाला धरून त्याचा कान चावला तेव्हा कुठे तो हटला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दाग्नी, या वयात मेंढा कशाला पाळता?" मी म्हटलं, त्याचं वय काय आहे ते त्याला विचारा. तर माझी इच्छा अशी, की ग्रोमने माझ्याआधी मरू नये आणि माझ्यानंतर एक दिवसही जगू नये. त्याला कापून, हाडांसकट कोबीत शिजवून, काळी मिरी सढळ हाताने घालून, मयतीच्या जेवणाला वाढावं. मला न्यायला पाद्रीबाई येतील त्यांना मोठा तुकडा द्यावा.

कलम चौथे, आणि खरं मृत्युपत्र हेच. स्वयंपाकघरामागच्या लोखंडी कपाटात तीन बंदुका आहेत. तिन्ही सैन्याच्या, तिन्ही जुन्या. परवाने पोलिसांकडे आहेत.

एक क्राग, आपल्याच नॉर्वेच्या सैन्याची, माझ्या वडिलांची, युद्धात डोंगरातल्या झोपडीत लपवली म्हणून वाचलेली. हिचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत सरकवून मागून नळी बंद करणारा मुठीचा दांडा, लोण्यातून सुरी फिरावी तसा चालतो. पण नव्या दमदार काडतुसाला ती कच्ची, आणि तिला नवे भाग शोधत फिरावं लागतं. ही रोआल्डला. तो तिच्यावर लहानपणापासून जीव टाकून आहे.

दुसरी जर्मन माउझर, युद्धानंतर आपल्या सैन्याने स्वतःचे शिक्के मारून वापरलेली आणि मग विकायला काढलेली. इंगवाल्डने एका डोळ्याने निवडली तरी चांगली निवडली. सरळ, साधी, विश्वासाची. जिला नवी नळी, नवा दस्ता, दुर्बीण, सगळं बसवून पुढची पन्नास वर्षं एल्क हरणं मारता येतील अशी बंदूक दुकानदार दाखवील तर हीच दाखवील.

तिसरीही माउझर. दस्त्याला डाग आहे. बाजूला हिटलरच्या सैन्याचा गरुडाचा शिक्का. ही माझ्या आईची, हान्सिनाची. म्हणजे तिने विकत घेतली नव्हती.

चव्वेचाळीस सालच्या हिवाळ्याच्या तोंडाशी जर्मन सैन्य माघारी निघालं तेव्हा जाताना आमचं सगळं फिनमार्क जाळत गेलं. घरं, गोठे, होड्या, शाळा, काही म्हणून ठेवलं नाही. आमच्याकडे दोघं आले. एक पुढच्या घराकडे गेला, एक इथे राहिला. पोरगेलासा होता, सर्दी झालेली, सारखा बाहीला नाक पुसत होता. त्याने आधी गाई मारल्या. रोसा गेली, डोका गेली. कालवड एका गोळीत मरेना, ती गोठ्यात गरगर फिरत राहिली आणि तिचं रक्त आईच्या दुधाच्या बादलीवर उडालं. आई बादली धरून उभी होती. मी दहा वर्षांची, माझा भाऊ एडविन आठ वर्षांचा. वडिलांना आदल्या वर्षी समुद्राने नेलं होतं. आत खाटेवर आजी, कमरेपासून खाली लुळी.

आई म्हणाली, "म्हातारीला उठता येत नाही. थांब, आम्ही तिला उचलतो."

त्याने घड्याळ बघितलं. मग रॉकेलचा डबा आतल्या खोलीत उपडा केला. वारा होता, काडी पेटेना. म्हणून त्याने बंदूक भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांचा आडोसा करून वाकला.

कुऱ्हाड ओंडक्यात रोवलेली होती. आईने ती उपसली कधी तेही मला दिसलं नाही. मला आवाज आठवतो, कोबी चिरताना सुरी खोल रुतते तसा. तो काडीवरच पडला, आणि काडी रॉकेलवर.

आई म्हणाली, "दाग्नी, आजीचे पाय धर."

आम्ही आजीला बाहेर काढलं, मग त्यालाही ओढून काढलं, घर गेलं. पण तो तिथे सापडला असता तर खोऱ्यातल्या दहा जणांना भिंतीशी उभं केलं असतं. ढकलगाडी एकच होती. तेव्हा खाली तो, त्याच्यावर घोंगडी, घोंगडीवर आजी. निम्म्या वाटेत आजी म्हणाली, "हान्सिना, खाली काय मऊ मऊ आहे?" आई म्हणाली, "गादी." आजी म्हणाली, "आपल्याकडे एवढी चांगली गादी होती?" मला हसू फुटलं, आणि आईने माझ्या मुस्काटात दिली. आजतागायत मला त्या थपडेचा राग नाही आणि हसण्याची लाजही नाही.

त्याला नदीकाठी पुरलं. हिवाळा आम्ही वर डोंगरात, गवताच्या ढेपांच्या झोपडीत काढला. एडविन सारखा बंदुकीचा चाप ओढून बघायचा, तेव्हा आईने आतला बोल्ट काढून पिठात लपवला. पुढे कोणी विचारलं की म्हणायची, "नदीत टाकला."

काही वर्षांनी मेलेल्या सैनिकांची हाडं गोळा करणारे लोक जर्मनीहून आले. आईने त्यांना कॉफी दिली आणि बटाट्याचा वाफा दाखवला. कवटी बघून साहेब म्हणाला, "बाई, हा कसा मेला?" आई म्हणाली, "माझ्या कुऱ्हाडीने." साहेब कप पुढे करून म्हणाला, "अजून कॉफी आहे का?" शहाणा माणूस. त्यांनी त्याला घरी नेलं, त्याच्या आईकडे. बरं झालं. आमचे बटाटे मात्र नंतर पूर्वीसारखे झाले नाहीत.

आता बोल्टांचं सांगते, नाहीतर शनिवारचं काही कळायचं नाही. जर्मनांनी हत्यारं टाकली तेव्हा त्यांच्याकडून बंदुका एका ढिगात टाकून घेतल्या आणि बोल्ट दुसऱ्या ढिगात, कोणाला परत झाडायची बुद्धी होऊ नये म्हणून. इंगवाल्ड तेव्हा लिंगेनला ते ढीग उपसायच्या कामावर होता. तिथून बादलीभर बोल्ट घेऊन आला. एकट्यानेच नाही आणले, सगळ्यांनी आणले. आमच्याकडे खिळासुद्धा उरला नव्हता, जळक्या राखेतून खिळे वेचून सरळ करीत होतो. निम्म्या खोऱ्याच्या फाटकांना कड्या म्हणून असे बोल्ट लागले. सरकवला, मूठ खाली पाडली, की मेंढी काय, बैल उघडणार नाही. आमच्या मेंढवाड्यालाही आईने एक लावला.

आणि सगळ्या खोऱ्याची समजूत अशी, की जर्मन माल म्हणजे एका साच्यातला, कुठलाही बोल्ट कुठल्याही बंदुकीत चालतो. तसं नसतं. प्रत्येक जोडी घासून, मापाने जमवलेली असते. परका बोल्ट मिटतो, मिटल्यासारखा दिसतो, आणि आत केसभर फट राहते. त्या फटीतून काडतूस फुटतं आणि जे पुढे जायचं ते मागे येतं.

लग्नानंतरच्या पहिल्या शरदात इंगवाल्डने आईची बंदूक उतरवली आणि बादलीतला एकेक बोल्ट घालून बघायला लागला.

आई म्हणाली, "ती झाडायची नाही."

"का?"

"नाही म्हटलं ना."

"सासूबाई, कारण सांगा, मी ठेवून देतो."

आईने कारण सांगितलं नाही. आईने आयुष्यात कशाचं कारण सांगितलं नाही, आणि इंगवाल्डने आयुष्यात कारणाशिवाय काही ऐकलं नाही. अशी दोघं एका छपराखाली. सातवा की आठवा बोल्ट मिटला, तो घेऊन गेला. दलदलीच्या कडेला घोड्याएवढा नर उभा, फावड्यासारखी शिंगं. पहिल्याच गोळीला बंदुकीने मागे आग ओकली. उजवा डोळा जागच्या जागी गेला, गालात पितळेचे तुकडे. गोळी मात्र एल्कच्या पोटात लागली होती. तो जनावर तडफडत ठेवून येणाऱ्यातला नव्हता. उरलेल्या डोळ्यावरचं रक्त पुसत पुसत गेला, शिंगाचा फटका मांडीवर खाल्ला, आणि सुरीने गळा कापून मगच घरी आला. दारात उभा राहिला, चेहऱ्याची एक बाजू नाहीच, पाठीवरच्या पिशवीत एल्कचं काळीज. म्हणाला, "दाग्नी, हे आधी थंड पाण्यात टाक."

अशा माणसावर मी चाळीस वर्षं प्रेम केलं. कोणी विचारलं नाही तरी लिहून ठेवते.

त्या दिवशी आई कुठे होती? मेंढवाड्यात. कडीवर हात ठेवून उभी होती, मी हाक मारली तरी वळेना. मला वाटलं, मेंढ्यांचं बघते आहे.

आता शनिवार. योरुनने एल्कच्या शिकारीचा परवाना काढला आहे, नेमबाजीच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात उतरली. शिकाऱ्यांच्या टोळीत घेतली आहे. तिला स्वतःची बंदूक हवी, जुन्या पोलादावर नवी बांधलेली. मी म्हटलं, ये, तिन्ही बघ आणि निवड, म्हणजे तसं लिहून ठेवते. हे स्टेनारला कोणी सांगितलं ते मला माहीत आहे. तुरिद, तुझं तोंड.

तिन्ही टेबलावर आडव्या. योरुन एकेक उचलून खांद्याला लावून बघत होती.

"आजी, क्राग सुंदर आहे, पण तिला कापणं पाप. आजोबांची माउझर, हे खरं लाकूड काढून प्लॅस्टिकचा दस्ता, नळी आखूड, पुढे आवाज दाबायचं नळकांडं, वर दुर्बीण. पावसात भिजली तरी फुगायची नाही."

"मग तीच घे."

"डोकं म्हणतं तीच घे." आणि आईच्या बंदुकीवरून हात फिरवायला लागली. "पण मला पणजीची हवी."

स्टेनार खुर्चीवरून उडालाच. "हिला कापायची? वेडी आहेस का? गरुड आहे तिच्यावर! सगळे भाग मूळचे! ही भिंतीवर काचेत राहायला पाहिजे. इतिहास आहे हा!"

"मूळचे? बोल्ट बादलीतला आहे, शहाण्या."

"म्हणून काय! तू तिला काळं प्लॅस्टिक चढवणार, जसा कुत्र्याला रेनकोट."

"आणि तू तिच्याखाली बसून बियर पिणार, पोट सुटेपर्यंत. सुटलंच आहे म्हणा."

मी वॅफल वाढत होते आणि मला फार मजा येत होती, खोटं कशाला बोलू? नातवंडं भांडायला लागली की घर भरल्यासारखं वाटतं.

मग स्टेनारने खिशातून काडतुसं काढली. नवीकोरी, दुकानातली. म्हणाला, "भिंतीवर लावायच्या आधी एकदा झाडतो. लाकडाच्या ढिगाऱ्यात. एकदाच."

माझ्या हातातली थाळी पडली. "तुझ्या आजोबांचा डोळा गेला तिने."

"आजी, आजोबांची काडतुसं युद्धातली सडकी होती. ही नवी आहेत."

"अरे नवी म्हणजे अजून जोरात फुटतील!"

पण तो निघालाच बंदूक घेऊन. अंगणात गेला, काडतूस आत सरकवलं, बोल्ट खाली पाडला. मिटला. मिटल्यासारखा दिसला. त्याने गाल दस्त्यावर टेकला, डावा डोळा मिटला, उजवा उघडा, अगदी इंगवाल्डसारखा. सारखा तोच चेहरा! मी चुलीवरची कॉफीची किटली उचलली ती तशीच घेऊन त्याच्यामागे धावले. ऐंशी वर्षांची बाई धावली, हे हेर्मोदने कुंपणावरून बघितलं आहे, तो साक्षीदार आहे. हाक मारली तर दचकून चाप ओढेल, म्हणून हाक मारली नाही. बाजूने गेले आणि किटली त्याच्या मनगटावर हाणली, झाकणासकट, कॉफीसकट.

कसला ओरडला! बंदूक चिखलात, तो नाचतोय, शिव्या देतोय, मी बंदुकीवर बसले.

"म्हातारे, हात भाजला माझा!"

"हात आहे ना? डोळेही आहेत ना दोन्ही? मग रड खुशाल!"

त्याने मला बाजूला ढकलून बंदूक ओढायला हात घातला आणि ते योरुनने बघितलं. बोलण्यापूर्वी मारणं हे तिला माझ्या आईकडून आलं आहे. डोकं खाली घालून सरळ त्याच्या तोंडावर. नाकाचा आवाज मी खाली बसल्या जागी ऐकला. त्याने तिचे केस धरले, तिने त्याची गुडघ्याने कंबर शेकली, दोघं गडगडत गेले ते मेंढवाड्याच्या फाटकावर, आणि कुणाच्या कोपराने कोण जाणे, कडीची मूठ वर गेली. फाटक उघडलं. ग्रोम बाहेर आला.

ग्रोमने कोणाची बाजू घ्यावी? तो पुढे जो दिसेल त्याची पाठ घेतो. स्टेनार तेव्हा ओणवा होता. असा हवेत गेला की मला वाटलं हा आता चर्चच्या मनोऱ्यावरच उतरणार. आणि तोच मेंढा परत फिरून योरुनकडे निघाला, तर रक्ताळलेल्या तोंडाचा स्टेनार उठला, त्याने ग्रोमचं मागचं तंगडं धरलं आणि ओरडला, "फाटक! योरुन, फाटक धर!" दोघांनी मिळून त्याला आत कोंबला. मी टाळ्या वाजवल्या. वाजवल्या म्हणजे वाजवल्या.

योरुनने कडी सरकवली. तिच्या हाताचं रक्त मुठीला लागलं, ते तिने बाहीने पुसलं. आणि तशीच उभी राहिली. कडीवर हात ठेवून, पाठमोरी, अगदी त्या दिवशी आई उभी होती तशी.

"आजी, ही कडी कुठली?"

"कुठली म्हणजे? आईने लावली. चरबी मी लावते दर शरदात."

"हिच्यावर आकडे आहेत."

"सगळ्यांवरच असतात गं."

"स्टेनार, बंदुकीवरचे आकडे वाच."

स्टेनार नाकाला फडकं धरून चिखलात बसला, आधी काडतूस बाहेर काढलं, मग बंदूक पुसली आणि वाचायला लागला. तो एक आकडा वाची, ती "हं" म्हणे. तो दुसरा वाची, ती "हं" म्हणे. चौथ्याला ती खाली बसली.

तेच चार आकडे, म्हणजे या बंदुकीची मूळ जोडी हीच. मागचं बारकं अक्षरही तेच.

नदीत टाकलाच नव्हता. पिठातून काढून आईने मेंढवाड्याला लावला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, खोऱ्यातल्या शेकडो कड्यांमधली एक. सहासष्ट-सदुसष्ट वर्षं मी रोज सकाळी तो फिरवत होते. इंगवाल्डही फिरवत होता, डोळा गेल्यावरही, शिव्या देत. ती बंदूक पुन्हा कोणी झाडू नये एवढंच आईला हवं होतं. त्यासाठी बोलावं लागेल असं तिला वाटलं नाही. आई, तू एक शब्द बोलली असतीस तर! हे मी तिच्यावर ठेवलेलं आहे, वर गेल्यावर विचारणार आहे, आणि इंगवाल्डला शेजारी उभा करूनच विचारणार आहे.

मग आत येऊन तिघांनी वॅफल खाल्ले. स्टेनारच्या हाताला मी लोणी लावलं, नाकात कापूस घातला. तो योरुनला म्हणाला, "तू डुक्कर आहेस." ती म्हणाली, "मुरंबा इकडे दे." म्हणजे मिटलं.

कडी त्यांनी लाकडातून सोडवली, फडक्यात गुंडाळली, आणि बंदूक व कडी दोन्ही घेऊन गेले आल्ताच्या बिर्गरकडे. तो बंदुका बांधतो. त्याच्याकडे पोलादी मापं असतात, ती आत घालून बोल्ट मिटवून बघतो. मेंढ्यांच्या वासात एवढी वर्षं काढलेलं लोखंड टिकलं आहे की नाही ते तोच सांगेल. तेव्हा माझी आज्ञा अशी:

बिर्गरचं माप हो म्हणालं, तर आईची बंदूक योरुनला. जुन्या पोलादाचा सांगाडा आणि त्याचाच बोल्ट ठेवावा, बाकी सगळं बदलावं. नळी नवी, दस्ता काळा प्लॅस्टिकचा, दुर्बीण, नळकांडं, काय हवं ते. डाग पडलेला लाकडी दस्ता माझ्या शवपेटीसोबत जाळावा. गरुड मात्र घासू नये. योरुनने विचारलं होतं, घासून काढू का? नको. राहू दे. हान्सिनाची पणती त्याला खांद्यावर घेऊन चालते हे त्याने बघू दे.

माप नाही म्हणालं, तर रडायचं नाही. योरुनने इंगवाल्डची माउझर घ्यावी आणि तिला हवी तशी कापावी. आईच्या बंदुकीचा सांगाडा करवतीने दोन तुकडे करून आल्ता नदीच्या खोल डोहात टाकावा, आणि टाकल्याचं रोआल्डने डोळ्यांनी बघावं. "बसेल जरा ठोकून" असं कोणी म्हणालं तर त्याला इंगवाल्डचा फोटो दाखवावा, लग्नातला नव्हे, नंतरचा. बादलीतला तो परका बोल्ट दोन्ही परिस्थितींत वितळवावा.

कलम पाचवे. स्टेनारला भिंतीवर इतिहास हवा आहे. त्याला आईची कुऱ्हाड देते. दांडा दोनदा बदलला आहे, पातं तेच. काचेत ठेव बाळा, आणि पाहुण्यांनी विचारलं तर खरं सांग, कोणाची, कोणावर आणि का. ढकलगाडीवरच्या गादीचंही सांग. माझ्यावर तुझा राग असेल तर तोही असू दे. दोन डोळ्यांनी राग धर.

कलम सहावे. कॉफीची किटली तुरिदला. पोचा पडला आहे तो काढू नये. मुलगा डोक्यावर बसायला लागला की शेल्फवरून नुसती उतरवून दाखवावी.

कलम सातवे. हेर्मोद शेजाऱ्याला माझी होडी हवी आहे हे मला वीस वर्षांपासून ठाऊक आहे. पण ज्याने साक्ष घातली त्याला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असा कायदा आहे, आणि मी मुद्दाम त्यालाच साक्षीला बोलावलं आहे. त्याने माझ्या नांगरलेल्या वाफ्यातून ट्रॅक्टर घातला होता. हेर्मोद, सही नीट वळणदार कर.

होडी रोआल्डला.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर एका बैठकीत वाचून दाखवला. हेर्मोदची बायको गुद्वेग दोनदा रडली, एकदा हसली. हेर्मोदने होडीच्या कलमावर "दाग्नी, तू म्हणजे ना" एवढंच म्हटलं. हे मृत्युपत्र आहे हे दोघांना माहीत आहे, आणि माझं डोकं जाग्यावर आहे हे दोघांनी अनुभवलं आहे.

दाग्नी वारा
(स्वतःची सही)

साक्षीदार:
१. हेर्मोद स्त्रांद, शेजारी. होडी मिळाली नाही.
२. गुद्वेग स्त्रांद, त्यांची पत्नी.

ब्योर्क्ली, आल्ता खोरं. मंगळवार, १९ ऑगस्ट २०१४.

सहीच्या खाली एवढंच जोडते. पहिली सप्टेंबरला एल्कची शिकार उघडते. बिर्गरचा निकाल आणि बांधलेली बंदूक, मग ती या दोघींपैकी जी असेल ती, घेऊन दोन्ही पोरं आदल्या दिवशी, रविवारी, एकतीस ऑगस्टला, जेवायला येतो म्हणाली आहेत. स्टेनार म्हणाला, वेळेवर येईन. तोवर मला मरता येत नाही, कारण मेंढवाड्याला कडी नाही, सुतळी बांधली आहे, आणि आत ग्रोम धडका देतो आहे.